मागच्या डाव्या चाकाचं तेल

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी दुपारी माझा भाऊ माधव वसईकडच्या चांदीपजवळ, उतारावर, त्याच्या टेंपोतून फेकला गेला. गाडी आंब्याला धडकली. तो तिथेच गेला. तार आमच्या गावी, ओतूरला, शुक्रवारी पोचली.

आमचा चुलतभाऊ नारायण त्याला आणायला गेला होता. परत आल्यावर ओट्यावर बसून त्याने पाणी घेतलं आणि आप्पांच्या समोरच तो म्हणाला, "तोंडाला वास येत होता, असं तिथले लोक म्हणतात." एवढंच म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आमच्या आप्पांचा सख्खा भाऊ दारूने गेलेला, आणि आम्ही दोघे मिसरूड फुटायच्या आधी आप्पांनी आम्हाला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली होती. त्या दिवसानंतर आप्पांनी तेराव्यापर्यंतचं सगळं नीट केलं, एकही विधी चुकवला नाही, पण माधवचं नाव घेतलं नाही. कुणी काढलं तर ते उठून गोठ्यात जात. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं की प्यायला, डोळा लागला, गेला. आईला मी पाहत होतो. तिला रडायलाही चोरी झाली होती.

दिवाळीच्या आदल्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर किरटं, पण शुद्ध. 'गाडी पुढून सरळ केली आहे. इंजिन चांगले आहे. पण मागच्या डाव्या चाकातून तेल गळते. ते बघितल्याशिवाय गाडी नेऊ नये. दुमिंग मेस्त्री, वालीव.'

मी ओतूरच्या हायस्कुलात मराठी शिकवतो आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. मला गाडी चालवता येत नाही. शाळेला सुट्टी होती. "गाडी घेऊन येतो," असं मी आप्पांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले. माधव त्या वेळी झोपला होता की नव्हता, हे कुणाला विचारता आलं तर बघावं, असं मनात होतं; ते मी सांगितलं नाही.

पाचूबंदर, सोमवार

जाण्याच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वसईच्या किल्ल्याच्या पलीकडे समुद्राला टेकून पाचूबंदर आहे. माधव दहा वर्षं तिथे राहिला आणि मी एकदाही गेलो नव्हतो. तो बोलवायचा. मी परीक्षा संपल्या की येतो म्हणायचो.

वस्तीत शिरताना पहिल्यांदा वास येतो, मग वाळत घातलेले बोंबील दिसतात. काठ्यांच्या उंच मांडवांवर, आडव्या दोऱ्यांना, तोंडात तोंड अडकवून हजारोंनी लटकलेले. आमच्याकडे खळ्यावर बाजरीची कणसं पसरतात तसं, फक्त इथे पीक हवेत टांगलेलं. गल्लीच्या तोंडाशी क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. आमच्या वेशीवरच्या मारुतीला असते तशीच, दोऱ्यात ओवलेली, मधे आंब्याचं पान. ती माळ पाहून मी थोडा वेळ थांबलो. थकवा होता.

माधव ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होता ते बस्त्याव. वय साठीच्या आसपास. होड्या दुरुस्त करणं हे त्यांचं काम: फळ्यांच्या फटींत राळेत भिजवलेली कापसाची वात ठोकून भरायची, वरून डांबर द्यायचं. त्यांच्या हातांच्या रेघांत ते डांबर कायमचं मुरलेलं होतं. मला बघून ते उठले, माझा चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाले, "नाक तेच हाय."

त्यांच्या पत्नी मारीबाय आतून पाणी घेऊन आल्या. "मास्तर, पानी घ्या. जेवनात मासली नाय केली. माधव एकदा बोल्ला व्हता, आमच्याकडं कोन गेलं तं वरीसभर मासली-मटान नाय करत. म्हनून डाळ केली."

आमच्याकडे वर्षभर असं काही पाळत नाहीत. सण करत नाहीत, एवढंच. माधवने काय सांगितलं आणि यांनी काय ऐकलं, कोण जाणे. पण मासळीच्या गावात माझ्यासाठी त्या घराने डाळ शिजवली होती. मी तांदळाची भाकरी आणि डाळ खाल्ली आणि काही दुरुस्त केलं नाही.

जेवणानंतर मी विचारलं. आडून विचारायला मला जमत नाही.

"काका, माधव प्यायचा का?"

बस्त्यावकाकांनी विडी विझवली. "ताडी घ्यायचा कवातरी. येक गलास. दुसरा घेतलेला मी नाय बगितला. मी त्याला बोलायचो, अरे तू कोल्यांच्यात रातो आन बामनावानी पितो."

"आम्ही बामण नाही," मी म्हणालो.

"त्येच तं!" ते हसले, आणि हसता हसता थांबले. "त्या दिवशी चांदीपला साखरपुडा व्हता. आमच्याकडना सुकी मासली घेतात त्या लोकांचा. तो पाट्या टाकाला गेला, त्यांनी बसवला. येक घेतला आसल. मना खरा ठाव नाय, मास्तर. मी नव्हतो."

म्हणजे वास होता, हे खरं होतं.

वालीव, मंगळवार

वालीव हे वसई स्टेशनच्या पूर्वेला, महामार्गाच्या बाजूला. नवे कारखाने उभे राहत होते. पत्र्याच्या शेडी, मधूनच भाताची कापलेली शेतं, आणि दोन्हीवर एकच धूळ. दुमिंग मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे चिंचेच्या सावलीत चार खांब आणि वर पत्रा. ते स्वतः पश्चिमेकडच्या वाडीतले, केळीच्या बागायतीतल्या घरातले. लहानपणी मुंबईला एका गॅरेजात गेले आणि तिथलीच बोली घेऊन परतले. चाळिशीचे, अंगाने बारीक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली.

गाडी समोर उभी होती. निळी आहे, असं माधवने लिहिलं होतं. आता पुढचा उजवा भाग लाल प्राइमरचा होता आणि काच नवीन होती. मी तिच्या आत पाहिलं नाही.

बस्त्यावकाका माझ्याबरोबर आले होते. त्यांनी मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. "वाकून बगा, मास्तर. खालना बगा."

मी जमिनीवर हात टेकून वाकलो. गाडीचं पोट काळं, तुकतुकीत होतं. सांगाडा, मागचा ॲक्सल, स्प्रिंगचे पाटे, सगळ्यावर डांबराचा जाड थर.

"नारली पुनवंच्या आधी होडीला दिला, तवा हिलापन दिला. मासलीचा खारा पानी गलून गलून पत्रा खाऊन टाकीत व्हता. माधव बोल्ला, काका, गाडी सडली. मी बोल्लो, आन हिकडं. दोन दिस उलटा पडून काम केला. आता दहा वर्सं गंज नाय."

"काका, शीड लावायचं राहिलं," दुमिंग मेस्त्री चाकाजवळून म्हणाले. "आणि नांगर. मग ब्रेकचं कामच नाय."

"तू हस. तुज्या गाड्या सडतात, माज्या होड्या सडत नाय."

हा त्यांचा नेहमीचा विनोद असावा, कारण दोघेही न हसता बोलत होते. मी उठलो तेव्हा माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्याला डांबर लागलं होतं. ते पुढे पाच दिवस तिथेच राहिलं.

मेस्त्रींनी मला डाव्या चाकाच्या आतल्या बाजूची ओल दाखवली. बोटावर घेऊन माझ्या नाकाशी धरलं. कुजक्या अंड्यासारखा उग्र वास.

"ब्रेकचं तेल पातळ असतं, त्याला असा वास नाय. हे गिअर ऑइल. ॲक्सलच्या मधे तो गोळा दिसतो ना, त्यात दातांची चाकं तेलात फिरतात. तिथून तेल नळीतून चाकाकडे येतं. चाकाच्या तोंडाला रबराचं कडं असतं, ऑइल सील. ते धरून ठेवतं. आता ते धरत नाय."

मग त्यांनी जॅक लावला, मागे-पुढे विटा दिल्या, चाक काढलं. ड्रम निघेना. हातोडीने चारी बाजूंनी ठोकत राहिले. निघाला तेव्हा आतून काळं तेल ओघळलं. ब्रेकच्या दोन्ही पट्ट्या भिजून चमकत होत्या.

मेस्त्रींनी सीलच्या कडेवरून करंगळी फिरवली.

"मास्तर, हे सील नवीन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नवरात्रात मीच बसवलेलं. माधव आला, बोलला तेल गळतंय. मी सील बदललं, पट्ट्या धुतल्या, बोललो जा. आठ-दहा दिवसांत परत भरून गेलं हे." त्यांनी हात पुसले. "पट्टीवर तेल म्हणजे ब्रेक नाय. हे चाक नुसतं फिरणार."

जे विचारायला मी आलो होतो ते आता विचारता येण्यासारखं होतं. बस्त्यावकाकांनीच विचारलं, "म्हंजी ब्रेक लागला नाय त्याला?"

"असं नाय बोलत मी. बाकीची तीन चाकं होती की. झोपला असेल तर चारी असून काय उपयोग? मी गाडी बघतोय, काका. माणूस नाय बघितला मी."

उरलेला दिवस ते ॲक्सलच्या टोकाला कुठे चर पडलाय का बघत राहिले. चर नव्हता. बेअरिंग ढिलं नव्हतं. गोळ्यातलं तेल जास्त भरलेलंही नव्हतं. बूच उघडून करंगळीने मोजून दाखवलं. "सगळं बरोबर आणि तरी गळतंय," ते म्हणाले. "असलं दुखणं वाईट."

चांदीप, बुधवार

सकाळी नवीन सील बसलं, नव्या पट्ट्या बसल्या. "चालवून बघायला लागेल. तापल्याशिवाय कळणार नाय," मेस्त्री म्हणाले. आणि जरा थांबून, "कुठं जायचं ते तुम्ही सांगा."

मी चांदीप म्हणालो.

रस्ता मोठ्या टेकड्यांच्या पायथ्याने जातो. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली भातशेती, कुठे उडव्या रचलेल्या. आमच्याकडे त्या वेळी ज्वारी हिरवी असते. कापणीचा वास मला दिवाळीशी जोडता येत नव्हता. बायका डोक्यावर भारे घेऊन बांधावरून चालल्या होत्या. वारली माणसं आंबाडीच्या दोऱ्या वळत बसलेली. माधव या रस्त्याने आठवड्यातून तीनदा जायचा, सुकी मासळी आत पोचवायला. पत्रात त्याने एकदा लिहिलं होतं की इथली माणसं त्याला 'बोंबीलवाला भट' म्हणतात. सगळीकडेच त्याला लोक बामण का समजायचे, कळत नाही.

मेस्त्री मधेमधे ब्रेक मारून बघत होते. चांदीपपर्यंत जाऊन त्यांनी गाडी वळवली; परतताना उताराच्या डोक्यावर वेग कमी केला, अगदी सावकाश खाली आणली आणि बाजूला थांबवली. आंबा उजव्या हाताला होता. बुंध्याची साल हातभर निघालेली. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि लगेच खाली उतरून चाकाशी बसले. मी झाडापाशी गेलो. तिथे काही नव्हतं. मुंग्या होत्या. शेतापलीकडून कुणी तरी बैलांना हाकत होतं. मी जितका वेळ उभं राहायला हवं होतं तितका वेळ राहिलो.

परत आलो तर मेस्त्री जमिनीवर मांडी घालून बसले होते. चाकाच्या आतल्या बाजूने एक बारीक रेघ उतरली होती.

"परत," ते म्हणाले.

आम्ही दोघे तसेच बसलो. मारीबायने बांधून दिलेला पाव आणि चटणी आम्ही खाल्ली. माझ्या पिशवीत पंचनाम्याची नक्कल होती. नारायणाने आणली होती. मी ती इतक्या वेळा वाचली होती की तिच्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही पाठ झाल्या होत्या. काही तरी करायचं म्हणून मी ती मेस्त्रींना वाचून दाखवू लागलो. वाहन उतारावरून येत असता ताबा सुटून, वगैरे. 'रस्त्यावर उजव्या मागील चाकाची रबर घासल्याची खूण, लांबी सुमारे चौदा फूट, झाडाच्या दिशेने.'

"परत वाचा."

मी वाचलं.

"उजव्या? नक्की? डाव्याची?"

"डाव्याची काही लिहिलेली नाही."

"हवालदारानं दुसरी बघितली असती तर लिहिली असती ना?"

"त्याने झाडाखाली पडलेली चप्पलसुद्धा लिहिली आहे," मी म्हणालो.

मेस्त्रींनी चष्मा काढला. "मास्तर, झोपलेला माणूस रबर घासत नाय. त्यानं ब्रेक मारला. जोरात मारला. उजवं चाक धरलं, जागेवर बांधलं गेलं. डावं फिरत राहिलं, कारण पट्टीवर तेल. एक चाक धरतं, एक सोडतं, गाडी मागून वळते. उजवीकडे." त्यांनी झाडाकडे बोट केलं नाही. "चौदा फूट त्याचा पाय पॅडलवर होता."

पंचनामा माझ्याकडे तीन आठवडे होता. शब्दांवर माझं पोट चालतं, आणि मला त्यात एवढं दिसलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मी चाकाला पाठ लावून बसलो, त्याच चाकाला, आणि तेल सदऱ्याच्या दुसऱ्या खांद्याला लागलं.

मेस्त्री मात्र उठले. चिडले होते. पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि तापलेल्या गोळ्याचं तेल भरायचं बूच सैल करू लागले. शेवटच्या आट्याला 'फुस्स' असा आवाज आला, प्रेशर कुकरचं झाकण ढिलं करावं तसा, आणि तेलाचा शिंतोडा त्यांच्या चष्म्यावर उडाला.

"ऐकलंत?" ते खालूनच ओरडले. "आत हवा कोंडलीय!"

वालीव, गुरुवार

गुरुवारी माधवला जाऊन चार आठवडे होत होते. बस्त्यावकाकांनी सकाळची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, माधवच्या नावाने मागितली होती. हिंदू माणसाच्या नावाने मागता येते का, हे मी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असावं. मी मागच्या बाकावर बसलो. मारीबाय शेजारी. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेल्या बायका, अंगाला ओल्या जाळ्यांचा वास घेऊन आलेले पुरुष, सगळी प्रार्थना मराठीत. आणि मधेच पाद्रींनी शांतपणे, यादी वाचताना वाचतात तसं, 'माधव' म्हटलं. आमच्या घरात जवळजवळ महिनाभर कुणी मोठ्याने न उच्चारलेलं नाव. चर्चमधल्या पन्नास माणसांनी त्यावर 'आमेन' म्हटलं.

काका मागाहून येतो म्हणाले. मी एकटाच वालीवला गेलो.

मेस्त्रींनी ॲक्सलच्या वरच्या अंगाचं डांबर खरवडायला घेतलं होतं. "तेल तापलं की हवा फुगते," ते खरवडता खरवडता सांगत होते. "तिला बाहेर जायला वर एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ब्रीदर. वर टोपी असते, धूळ जाऊ नये म्हणून. हिची टोपी कधीच पडली असणार. नुसतं भोक पाहिजे होतं इथं कुठंतरी. ते बुजलं तर हवा जाणार कुठं? जिथं कच्चं सापडेल तिथून तेल ढकलत बाहेर. मी शंभर सीलं बदलली असती तरी—"

ते थांबले. पेचकसाने काही तरी टोचलं, खेचलं. बोटभर लांबीची कापसाची वात निघाली, राळेत भिजवलेली, घट्ट पिळलेली, दोन्ही टोकं नीट कापलेली.

ती कुणी केलेली आहे हे दोघांनाही विचारायची गरज नव्हती. होडीचं काम करणाऱ्याला उघडं भोक दिसलं तर तो ते भरणार. अर्धवट भरणार नाही.

मेस्त्रींनी वात थाळीत ठेवली. "मी वर बघितलंच नाय," ते म्हणाले. "नवरात्रात. सगळं काळं, कोण खरवडणार? सील बदललं आणि पाठवून दिलं."

"काकांना सांगायची गरज आहे का?" मी विचारलं. सकाळची ती मिस्सा माझ्या कानात होती. "ब्रेक मारला होता, हे मला कळलं. मला तेवढंच हवं होतं. सील खराब होतं म्हणू."

"मास्तर, त्यांनी ऑगस्टमध्ये अजून दोन टेंपो असेच रंगवलेत. पेद्रूचा आणि नायगावच्या एकाचा. मासळीचेच. ते रोज हायवेला असतात."

मी "मी सांगतो," म्हणालो.

काका दुपारी आले. हातात पानात बांधलेली सुकेळी होती, वाळवलेली केळी, मिस्सेनंतर वाटलेली. मी त्यांना चिंचेखाली बसवलं आणि शाळेत सांगतो तसं सांगायला लागलो, सुरुवातीपासून: तेल, तापणं, हवा, भोक. त्यांनी मान हलवत ऐकलं. "भोक उघडा? मंग पानी शिरल की."

"पाण्यात जात नाही ना गाडी, काका. ते भोक तिच्या श्वासाचं."

त्यांनी थाळीकडे पाहिलं. वात उचलली, बोटांत फिरवली, पीळ तपासला.

"ही माजी हाय."

"होय."

"मीच भरली. वरना सापडला भोक. मना वाटला, ह्यांनी ठेवला कसा." त्यांनी वात परत थाळीत ठेवली. "म्हंजी तेल माज्यामुलं."

"अर्धं माझं, काका," मेस्त्री उभ्यानेच म्हणाले. "तुम्हाला गाडी कळत नाय. मला कळते. मी बघितलं नाय."

"तुजा तू बग," काका म्हणाले. रागाने नव्हे. मग माझ्याकडे वळले, आणि मला वाटलं आता ते माफी मागतील. ती मला ऐकायची नव्हती. पण ते म्हणाले, "पेद्रूचा टेंपो या टायमाला कुठं आसल? ससूनवघरला बरफ भराला गेला आसल. दुमिंग, गाडी काढ."

संध्याकाळपर्यंत दोन्ही टेंपो सापडले. काका स्वतः खाली शिरले. दुसऱ्या कुणाला त्यांनी वाती काढू दिल्या नाहीत. पेद्रूच्या टेंपोचं उजवं चाक आतून ओलं व्हायला लागलं होतं. पेद्रू म्हणाला, "काका, तुमीच भरलाव आन तुमीच काढताव? पैसं परत द्या मंग." काकांनी त्याला ते ओलं चाक दाखवलं.

माळशेज आणि ओतूर, शनिवार

शुक्रवारी गाडी धुवून निघाली. नवी टोपी बसली. शनिवारी पहाटे निघायचं होतं, तर मेस्त्री स्वतःच चालवायला येऊन उभे. "ड्रायव्हर शोधला होता," मी म्हणालो. "मला घाटात बघायचीय ती," ते म्हणाले. गॅरेज बंद ठेवून ते पहिल्यांदाच एवढे लांब चालले होते.

बस्त्यावकाका गल्लीच्या तोंडापर्यंत आले. "तुमच्या बापाला सांगा, मी केला."

"काका—"

"सांगा. लपवू नका."

मी मान हलवली. तो होकार होता असं म्हणता येईल.

मुरबाड सोडल्यावर समोर सह्याद्रीची भिंत दिसू लागली तेव्हा मेस्त्रींनी मान पुढे काढली. "ह्याच्यावर चढायचंय?" समुद्रकाठचा माणूस. दर वळणाला ते मला विचारत, वर अजून गाव आहेत का, लोक राहतात का, पाणी कुठून येतं. घाटमाथ्यावर गाडी थांबवून आम्ही चाकं पाहिली. चारही कोरडी. मेस्त्रींनी डाव्या ड्रमवरून हात फिरवून मला तळवा दाखवला. नुसती धूळ. थंड वारा होता. खाली सगळं कोकण धुरकट दिसत होतं. पुढे माळशेजपासून ओतूरपर्यंत ते एकही शब्द बोलले नाहीत. काय बोलायचं त्याची तयारी करत असावेत.

गाडीचा आवाज ऐकून आई दाराशी आली आणि आत गेली. आप्पा ओट्यावर होते. मी मेस्त्रींची ओळख करून दिली. ते बसले नाहीत. चप्पल काढून, हात मागे घेऊन, ओट्याच्या खाली उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं: तेल, पट्टी, एकाच चाकाची खूण, चौदा फूट. "मी सील बदललं होतं, आप्पा. मूळ बिघाड मला दिसला नाय. दिसायला पाहिजे होता."

आप्पांनी विचारलं, "भोक बुजलं कशानं?"

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चिखलानं," ते म्हणाले.

मी गप्प राहिलो.

आप्पांनी गाडीकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे ब्रेक मारला होता त्यानं."

"मारला होता."

"जागा होता."

"हो, आप्पा."

आप्पा उठले. मला वाटलं गोठ्यात जातील. ते आत गेले आणि आईला म्हणाले, "माधवच्या गावचे पाहुणे आलेत. पिठलं टाक." आईने चुलीपुढे बसून रडायला सुरुवात केली, आणि आप्पा तिच्यापाशी बसून राहिले. पिठलं शेवटी मीच केलं. ते करपलं. मेस्त्रींनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिखट फार म्हणून डोळे पुसले.

हे लिहायला मला उशीर झाला. त्यानंतर आप्पा चार वर्षं होते. माधवबद्दल ते बोलायचे, फार नाही, बैल-पाऊस यांबद्दल बोलतात तसं, मधेच. ताडीचा ग्लास त्यांनी कधी विचारला नाही आणि मी सांगितला नाही. बस्त्यावकाकांचा निरोपही दिला नाही. गेल्या वैशाखात आप्पा गेले, तेव्हा काकांना मी पत्राने कळवलं. निरोप दिला नव्हता, हेही तेव्हाच लिहिलं. त्यांना लिहिता येत नाही. दुमिंग मेस्त्रींच्या अक्षरात उत्तर आलं की काका होड्यांचं काम करतात, गाड्यांना हात लावत नाहीत.

गाडी आमच्याकडे आहे. नारायण चालवतो, कांदा आळेफाट्याला नेतो. महिन्यातून एकदा मी तिच्याखाली शिरतो आणि टोपी फिरवून बघतो. ती फिरते.